कँटरबरीला जाताय? आधी चिलहॅम गाठा

लंडनहून एका दिवसात कँटरबरी कॅथेड्रल करायचं असेल तर शनिवार धरा. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, त्यामुळे पर्यटकांना दुपारपर्यंत थांबावं लागतं आणि रुळांच्या कामामुळे गाड्याही बऱ्याचदा बदलतात.

सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने कँटरबरी वेस्टला तासाभरात पोहोचता. तिघं किंवा जास्त असाल तर ‘ग्रुपसेव्ह’ तिकीट मागा, गर्दीची वेळ सोडून भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. तिथून चिलहॅम हे छोटं गाव ॲशफर्डच्या दिशेने मागे दोन स्टेशनांवर आहे. गाड्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. स्टेशनपासून थोडं चालावं लागतं. मग लाकडी चौकटींच्या जुन्या घरांनी वेढलेला चौक लागतो. सकाळी लवकर गेलात तर तो जवळपास तुमचाच.

दुपार मात्र पूर्ण कॅथेड्रलला द्या. आर्चबिशप थॉमस बेकेट यांची इथे 1170 मध्ये हत्या झाली, आणि पुढे शतकानुशतकं यात्रेकरू त्यांच्या समाधीला येत राहिले. वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या मधोमध खोलगट झाल्यात, त्यावरून हात फिरवून बघाच. आठव्या हेन्रीने 1538 मध्ये समाधी उद्ध्वस्त केली. त्या मोकळ्या फरशीवर आता एकच मेणबत्ती जळते. मी तिथे कितीतरी वेळ नुसती उभी होते.

संध्याकाळच्या ‘इव्हनसाँग’ला, म्हणजे गायकवृंदाच्या गाण्यासह होणाऱ्या प्रार्थनेला, तिकीट लागत नाही. वेळ वेबसाइटवर बघा आणि गायकवृंद ऐकूनच परतीची गाडी धरा.