लाकडी ठशावर सूत्र कोरताना या चुका टाळा

कोरियातील हेइन्सा मठात बौद्ध ग्रंथांच्या ८१ हजारांहून अधिक कोरीव फळ्या आजही जपलेल्या आहेत. १२३२ साली मंगोल स्वारीत आधीचा संच जळाल्यावर गोर्यो राजवटीने तो नव्याने कोरवून घेतला आणि १२५१ मध्ये ते काम पुरे झाले. त्या पद्धतीने ठसा करू पाहणाऱ्यांच्या बहुतेक चुका पटाशी हातात घेण्यापूर्वीच झालेल्या असतात.

पहिली चूक लाकडाची घाई. परंपरेनुसार ओंडके समुद्राच्या पाण्यात मुरवून, फळ्या खाऱ्या पाण्यात उकळून सावलीत वाळवत. उन्हात वाळवलेली फळी पिळते किंवा टोकाकडून तडकते. हेइन्सातील फळ्यांच्या दोन्ही टोकांना जाड पट्ट्या बसवून कोपरे धातूने बांधलेले आहेत. त्यांना नक्षी समजून वगळू नये, कारण त्या फळीला वाकू देत नाहीत आणि मांडणीत दोन फळ्यांमध्ये हवेला वाट ठेवतात. हे लाकूड भूर्जाचे असल्याचे दीर्घकाळ सांगितले जाई. सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुतांशी रानटी चेरीचे निघाले. ऐकीव नावावर विसंबण्यापेक्षा दाट, एकसारख्या पोताचे लाकूड निवडावे, नाहीतर बारीक रेघ ढलपीसारखी उडते.

दुसरी चूक म्हणजे न तपासलेला मजकूर कोरणे. या संचासाठी भिक्षू सुगी याने चीनमधील सोंग राजवटीची, उत्तरेकडील खितान लोकांची आणि जुनी गोर्यो अशा प्रती ताडून पाहिल्या आणि दुरुस्त्यांची ३० खंडांची नोंद ठेवली, यावरून हे काम किती गंभीर मानले गेले ते कळते. तपासलेला मजकूर पातळ कागदावर लिहून तो कागद अक्षरे खाली येतील असा फळीवर चिकटवावा, म्हणजे अक्षरे आपोआप उलटी कोरली जातात. फळीच्या एका बाजूस २३ ओळी, ओळीत १४ अक्षरे. एखादे अक्षर चुकलेच तर खरवडत बसू नये: तेवढा चौकोन कोरून काढावा आणि योग्य अक्षराची खुंटी घट्ट ठोकावी.

छपाईला यंत्र नव्हतेच. फळीला शाई लावून, वर कागद ठेवून मेण लावलेल्या केसांच्या गुंड्याने पाठीवरून घासत. अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा शाईने भरत असतील तर शाई जास्त झाली आहे. ठसा दर वेळी त्याच जागी फिका उठत असेल तर फळी तिथे खोलगट आहे. जागा बदलत असेल तर दोष हाताचा.

साठवणीत मात्र नव्या बांधकामाचा मोह घातक ठरतो. १९७० च्या दशकात या फळ्यांसाठी काँक्रीटची इमारत उभारली, पण चाचणीसाठी नेलेल्या फळ्या बिघडू लागल्याने बेत सोडावा लागला. हेइन्सातील पंधराव्या शतकातील जुन्या दालनात, जिथे या फळ्या आहेत, समोरच्या भिंतीच्या खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, तर मागच्या भिंतीत नेमके उलटे आहे. त्यामुळे हवा आत फिरून मगच बाहेर पडते. जमिनीत कोळसा, चुना, मीठ आणि वाळू घातलेली आहे.