‘दाखल’ लिहिताना या चुका टाळा

एकाच पानावर गुन्हा दाखल होतो, जखमी दाखल होतो, याचिका दाखल होते, मान्सून दाखल होतो आणि पालकमंत्रीही दाखल होतात. शब्द एकच असला तरी प्रत्येक ठिकाणी नोंद करणारी यंत्रणा आणि त्या नोंदीचा परिणाम वेगळा असतो. नवे बातमीदार मात्र हा शब्द हाताला येईल तिथे बसवतात आणि रात्री अकराला डेस्कवरचा कोणीतरी तो सुधारील, असे गृहीत धरतात.

सर्वांत महाग पडणारी चूक गुन्ह्याच्या बातमीत होते. कोणी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, की लगेच ‘गुन्हा दाखल’ असे लिहिले जाते. प्रकरण दखलपात्र असेल तर पोलीस प्रथम खबर (एफआयआर) नोंदवतात आणि स्वतःच्या अधिकारात तपास करू शकतात. अदखलपात्र असेल तर ते केवळ नोंद घेतात, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या दोन गोष्टी कलम १७३ आणि १७४ मध्ये स्वतंत्रपणे सांगितल्या आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही त्या १५४ आणि १५५ अशा वेगळ्याच होत्या, त्यामुळे कायदा बदलल्याने गोंधळ झाला ही सबब मी ऐकून घेत नाही.

मी एका जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर असताना शेताच्या बांधावरून झालेल्या शिवीगाळीची चार ओळींची बातमी ‘शिक्षकावर गुन्हा दाखल’ या शीर्षकाने छापून आली. दुसऱ्या दिवशी ते शिक्षक अदखलपात्र नोंदीची प्रत आणि वकील, दोन्ही घेऊन कार्यालयात आले. आम्हाला जो खुलासा छापावा लागला, तो मूळ बातमीपेक्षा लांब होता. बातमीदार तरीही म्हणत होता, ‘पोलिसांनी वहीत लिहून घेतले, म्हणजे दाखलच झाले ना?’ तेव्हापासून गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलमे हाती आल्याशिवाय मी ‘गुन्हा दाखल’ पुढे जाऊ देत नाही. ‘तक्रार दिली’ किंवा ‘अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली’ असे लिहायला लावतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्रार अर्जाचा फोटो हा पुरावा मानणाऱ्यांना ठाणे अंमलदाराला एक फोन करणे जड का जाते, हे मला अजून समजलेले नाही.

याच गोंधळाचे भावंड म्हणजे ‘दाखलपात्र गुन्हा’ आणि ‘न्यायालयाने दाखल घेतली’. दोन्हीकडे ‘दखल’ हवे. ‘दाखल’ आणि ‘दखल’ हे दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर येथे गप्प बसते.

न्यायालयीन बातमीत याचिका दाखल करतो तो याचिकाकर्ता. न्यायालय ती सुनावणीसाठी ‘दाखल करून घेते’. शीर्षकात जागा नाही म्हणून ‘करून घेतली’ छाटले, की प्रकरण एक पायरी मागे जाते आणि न्यायालयाचा निर्णयच बातमीतून नाहीसा होतो. प्रतिपक्षाला नोटीस निघाली म्हणजे याचिका दाखल करून घेतली, असेही समजू नये. आदेशाची प्रत वाचावी.

‘रुग्णालयात दाखल केले असता डॉक्टरांनी मृत घोषित केले’ हे साचेबंद वाक्य तर मी दिसताक्षणी खोडतो. तपासणीतच मृत घोषित केलेली व्यक्ती दाखल झालेलीच नसते. तिला रुग्णालयात ‘नेले’ असे लिहावे.

निवडणुकीत दाखल अर्ज मोजून उमेदवार मोजू नयेत, कारण लोकसभा आणि विधानसभेसाठी एकाच उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत मुभा आहे.

मान्सूनच्या बाबतीत अधीरता सर्वाधिक दिसते. केरळात तो दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख १ जून असली, तरी हवामान विभाग ती घोषणा कॅलेंडर पाहून करीत नाही: १० मेनंतर ठरावीक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस व्हावा लागतो, शिवाय वाऱ्यांचे आणि ढगांशी संबंधित निकषही पूर्ण व्हावे लागतात. मे महिन्यातील वळिवाच्या सरीवर ‘मान्सून दाखल’ छापणाऱ्यांनी पेरणीच्या तयारीत असलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवावा.

‘उदाहरणादाखल’, ‘शिक्षेदाखल’ हे शब्द जोडूनच लिहावेत. मंत्री, पथक किंवा बिबट्या यांच्यासाठी ‘आले’ आणि ‘पोहोचले’ ही क्रियापदे पुरेशी आहेत.