साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर चालायला जाताना हेडफोन कोणते घ्यावेत?

कान झाकणारे हेडफोन घेताना दुकानात आधी ते गळ्यात अडकवून बघा. गडाच्या चढावर धाप लागली की ते तिथंच उतरतात, आणि कप सपाट वळत नसतील तर हनुवटीला टोचत राहतात. मग आरशात बघा. कप फार बाहेर आले, तर राजवाड्यापाशी कुणीतरी "काय, विमान चालवताय का?" विचारणारच! बिनचमकीचा काळा रंग, बारीक पट्टी, वजन अडीचशे ग्रॅमच्या आत. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचाच आहे, पण त्याची घडी होत नाही.

कप मागून बंद असलेलेच घ्या. उघड्या कपांचा आवाज मोकळा, मलाही तोच आवडतो. पण पोवई नाक्यावरच्या हॉर्नमध्ये गाणं बुडतं. चष्मा असेल तर चष्म्यासकट ऐका, काडीपाशी फट राहिली की बास गळतो. वर वारा सुटला की तो बाहेरच्या माइकमध्ये घुसतो आणि कानात घरघर सुरू होते, तेव्हा नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबायची सोय, बंद करा. रस्ता ओलांडताना तर नक्कीच. घामानं गाद्या सोलतात, म्हणून त्या बदलता येतात का, तेही विचारा.