रोबोटवर रक्तवाहिनी शिवायचीय? आधी हातात दोरा घ्या

दांडिया बाजारातल्या घरी आई एकदा म्हणाली, "ऑपरेशन मशीनच करणार, तर तू इतकी वर्षं काय शिकतोयस?" बडोद्यातली मेडिकलची मुलंही फिरून हेच विचारतात. रोबोट आपणहून टाका घालत नाही. कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या जागी, सर्जनची बोटं हलतात, तशी पोटातली अवजारं हलतात.

वाट लांबची आहे. एमबीबीएस, मग 3 वर्षं सर्जरीचं एमएस, मग नीट एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन 3 वर्षं व्हॅस्क्युलरचं, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीचं, एमसीएच किंवा डीआरएनबी. रोबोट त्याच्यापुढे.

सरावासाठी ठेवलेल्या ग्राफ्टला (कृत्रिम रक्तवाहिनीला) मी पहिल्यांदा कन्सोलवरून 4-0 प्रोलीनने, म्हणजे रक्तवाहिन्या शिवायच्या बारीक दोऱ्याने, शिवायला बसलो आणि चौथ्याच टाक्याला दोरा तुटला. उघड्या ऑपरेशनमध्ये दोऱ्याचा ताण बोटांना कळतो. मी शिकलो त्या रोबोटवर तो कळत नव्हता. शिवाय प्रोलीन अवजाराच्या जबड्यात दाबला गेला की तिथेच कमकुवत होतो. महाधमनीवर हेच झालं असतं तर समोर फक्त रक्त दिसलं असतं. तेव्हापासून ताण डोळ्यांनी वाचायला शिकलो: टाक्याशी रक्तवाहिनीची भिंत पांढरी पडली की हात आवरायचा.

क्लॅम्पचंही, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याचंही, तसंच. कॅल्शियम साचून अंड्याच्या कवचासारखी झालेली जागा बोटाला लगेच लागते, रोबोटला नाही. म्हणून आदल्या दिवशी सीटी एकेक काप करून बघायचा. धमनीत सुई आतून बाहेर काढायची, नाहीतर आतला थर सुटतो. हे सगळं उघड्या ऑपरेशनमध्येच अंगी मुरतं.

टेबलाशी उभं राहून अवजारं बदलायचं काम कमी लेखू नका. रक्तस्राव झाला तर रोबोटचे हात झटपट बाजूला कसे घ्यायचे, हे तिथेच कळतं.

कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवायची बारीक नळी, चालवणारे रोबोट वेगळे. डिसेंबर 2018मध्ये हृदयरोगतज्ज्ञ डॉ. तेजस पटेल यांनी अशाच रोबोटने गांधीनगरच्या अक्षरधाममधून सुमारे 32 किलोमीटरवरच्या अहमदाबादच्या पेशंटची अँजिओप्लास्टी केली. डॉक्टर क्ष-किरणांपासून दूर राहतो, हा त्यातला मोठा फायदा. पण 2023मध्ये त्या यंत्राच्या कंपनीने हृदयाच्या कामातून अंग काढून घेतलं. एकाच यंत्रावर करिअर बांधू नका, असं मला मनापासून वाटतं.

ओटीतल्या सिस्टरकडे मुदत संपलेला प्रोलीन मागून ठेवा आणि रोज रात्री दहा टाके घाला, पाच उजव्या हाताने, पाच डाव्या.