पद्मिनीच्या स्टेअरिंगचा प्ले: दोष आयडलर आर्मचा निघाला

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत प्ले, म्हणजे स्टेअरिंगची मोकळी ढिलाई, फार होता: स्टेअरिंग तीन बोटं फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म, आणि पन्नासच्या पुढे गाडी रस्ताभर भटकायची. अलाइनमेंट दोनदा केली, टाय रॉड एन्ड (चाकांना वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) बदलले, फरक शून्य. स्टेअरिंग बॉक्सचा (स्टेअरिंगच्या गिअरची पेटी) प्ले कमी करायचा स्क्रू आवळला, तर वळणानंतर स्टेअरिंग आपसूक परत येईना. तो पुन्हा सैल केला. जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी गाडी जमिनीवर, इंजिन बंद ठेवून मुलाला स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन खाली बघितलं. आयडलर आर्म (बॉक्सच्या विरुद्ध बाजूने स्टेअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा हात) आधी वर-खाली डुगडुगायचा, मग फिरायचा. त्याचा बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो ती नळी, झिजून अंडाकृती झाला होता.

आधी बुश बदलला, त्याचा नट चाकं सरळ ठेवूनच आवळला. मग पुढची चाकं उचलून स्टँड लावले, स्टेअरिंग बरोब्बर मध्यावर आणलं. बॉक्समधल्या वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि त्यावर फिरणाऱ्या रोलरमधली फट तिथे सर्वांत कमी असते. बाजूला वळवून आवळलं तर सरळ चालताना अडकतं. चेकनट (स्क्रू जागेवर घट्ट धरणारा नट) सैल करून बॉक्सचा स्क्रू अगदी थोडा थोडा आवळला, प्ले जाताच थांबलो. स्क्रू स्क्रूड्रायव्हरने धरूनच चेकनट घट्ट केला, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो. दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही. बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं आणि अलाइनमेंट नव्याने केली. आता प्ले जेमतेम अर्धं बोट.