सोनारने काढलेले समुद्रतळाचे जुने-नवे फोटो जुळवताय? या चुका टाळा

मे मधला साइड स्कॅन (बोटीच्या दोन्ही बाजूंना आवाज सोडून, परत आलेल्या आवाजावरून काढलेला तळाचा फोटो) आणि ऑक्टोबरमधला साइड स्कॅन शेजारी शेजारी लावले की टीममधला कोणीतरी लगेच म्हणतोच, अरे इथे काहीतरी नवीन पडलंय! थांबा जरा. बहुतेक वेळा पडलेलं काहीच नसतं, एकतर तळाचा पोत बदललेला असतो नाहीतर आपली बघायची पद्धत.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे लाइनची, म्हणजे सर्वे करताना बोट ज्या सरळ रेषेत जाते तिची, दिशा बदलणं. कोकणात एका खाडीच्या तोंडाबाहेर आम्ही पहिल्या वेळी किनाऱ्याला समांतर लाइनी मारल्या होत्या, दुसऱ्या वेळी वारा आडवा होता म्हणून तांडेल म्हणाला सरळ बाहेर जाऊ आणि सरळ परत येऊ, आम्ही पण हो म्हणालो. पहिल्या मोझॅकमध्ये (सगळ्या लाइनींचे फोटो जोडून केलेलं एक चित्र) वाळूवरच्या वळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारख्या स्वच्छ दिसत होत्या, दुसऱ्यात तोच भाग एकदम सपाट करडा. रिपोर्टमध्ये "वाळूवर गाळ बसला" असं जवळजवळ लिहिलंच होतं, मग ग्रॅब (तळाचा नमुना उचलणारा पंजा) टाकला तर वर आली तीच भरड वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. लाटा किनाऱ्याकडे येतात, त्यामुळे वळ्या साधारण किनाऱ्याला समांतर बसतात, आणि साइड स्कॅनचा आवाज बोटीच्या आडव्या बाजूला जातो. तो वळ्यांवर समोरून आदळला तर पट्ट्या दिसतात, वळ्यांच्या लांबीने गेला तर गायब. म्हणून जुन्या लाइनी, जुनीच दिशा, हवा साथ देत नसेल तर दुसऱ्या दिवशी जा.

फ्रिक्वेन्सीचं पण तेच. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 1500 मीटर, म्हणजे 100 किलोहर्ट्झला तरंगलांबी दीड सेंटिमीटर आणि 400 ला चार मिलिमीटरपेक्षा कमी. दोन्ही वेगवेगळा खडबडीतपणा "बघतात", त्यात 100 वाला मऊ चिखलात जास्त खोल शिरतो. एक फोटो याचा आणि एक त्याचा घेऊन तुलना करूच नका.

ऑटो गेन (परत आलेला आवाज आपोआप कमी-जास्त वाढवणारी सोय) बंद ठेवा आणि टोफिशची, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या सोनारची, तळापासूनची उंची रेंजच्या (बाजूला जिथवर फोटो घेतो त्या अंतराच्या) 10 ते 20 टक्क्यांत, दोन्ही वेळा सारखीच.

आता खरा बदल. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, त्यानंतर ट्रॉलर सुटले की मऊ तळावर लांबच लांब ओरखडे उठतात, ते केबल समजून फोन करणारे मी पाहिलेत. खेकडे, मासे, किडेही तळ सतत उकरत असतात. 1999 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सॅक्स-99 नावाचा प्रयोग झाला, त्यात पाणबुड्यांनी वाळूत मुद्दाम दाताळ्याने रेघा ओढल्या, परत येणारा आवाज लगेच बदलला, पण प्राण्यांच्या वावराने त्या रेघा फार काळ टिकल्या नाहीत. सिंथेटिक अपर्चर सोनारवाल्यांनी (पुढे सरकताना आलेले अनेक प्रतिध्वनी जोडून बारीक फोटो काढणारा सोनार) तर हे लक्षात ठेवाच, कारण दोन फोटोंची फेज, म्हणजे आवाजाच्या लहरीची नेमकी स्थिती, जुळवताना तळ काही मिलिमीटर हलला तरी जुळणी मोडते, तिथे महिन्यांचं अंतर ठेवून उपयोग नाही.

शंका आली की चमक सोडा, सावली (वस्तूमागे आवाज न पोचल्याने फोटोत पडलेला काळा भाग) मोजा. सावलीची लांबी गुणिले टोफिशची उंची, भागिले टोफिशपासून सावलीच्या शेवटापर्यंतचं तिरकं अंतर. सावली 4 मीटर, उंची 8, अंतर 40, तर वस्तू 80 सेंटिमीटर उंच. सावली नसेल तर तो बहुतेक पोताचाच डाग. पण मे मध्ये 80 आणि ऑक्टोबरमध्ये 30 निघाली तर वस्तू चोरीला गेली नाही, वाळूत बुडतेय, तिथला पुढचा सर्वे लवकर लावा.

आणि प्रत्येक एरियात एक उघडा खडक हेरून ठेवा. खडकाचा पोत वाळूसारखा चार महिन्यांत बदलत नाही. तोच दोन फोटोंत कमी-जास्त उजळ दिसला तर आधी गेन, उंची, दिशा तपासा, वाळूबद्दल त्यानंतरच बोला.