लहान मेंदूच्या त्रासासाठी टीएमएस किंवा टीडीसीएस करायचं असेल तर आधी हे बघा

चालताना तोल जातो, चहाचा कप उचलला की हात थरथरतो, बोलणं जड होतं, आणि डॉक्टर म्हणाले लहान मेंदूचा त्रास आहे, अटॅक्सिया. आमच्या आत्याचं असंच झालं, आणि घरात प्रत्येकजण मोबाईलवर डोक्याला लावायचं मशीन शोधायला लागला, म्हणजे टीएमएस (चुंबकाने मेंदूला चालना) नाहीतर टीडीसीएस (हलक्या करंटने). म्हणून लिहितोय.

मशीन नंतर, आधी कारण शोधा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्यूरोलॉजीच्या ओपीडीत दाखवा आणि बी12, व्हिटॅमिन ई, थायरॉईड बघितलंय का ते विचारा, रोजची दारू किंवा फिटची फेनिटॉइन गोळी चालू असेल तर तेही न लाजता सांगा, कारण या गोष्टींनीही तोल जातो आणि वेळेवर पकडलं तर बऱ्याचदा सुधारतो.

टीएमएसमध्ये डोक्यामागे कॉईल धरून चुंबकाचे ठोके देतात, टीडीसीएसमध्ये ओल्या स्पंजमधून अगदी कमी करंट सोडतात. ऑपरेशन नाही, भूल नाही. लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी पुढच्या पेशींवर ब्रेक ठेवतात, तो ब्रेक नीट लागावा असा प्रयत्न असतो. पण अटॅक्सियासाठी हे अजून पक्कं झालेलं नाही. इटलीत ब्रेशियाला 20 पेशंटवर अभ्यास झाला, 2018 ला छापून आला, त्यात 2 आठवड्यांच्या टीडीसीएसचा फायदा 3 महिन्यांनीही दिसला, तर नेदरलँड्समध्ये एससीए3च्या (अटॅक्सियाचा एक आनुवंशिक प्रकार) 20 पेशंटमध्ये (2022) खऱ्या आणि खोट्या, म्हणजे नुसत्या दिल्यासारखं दाखवलेल्या, करंटमध्ये तोलाच्या मुख्य स्कोअरला फरक दिसला नाही. त्यामुळे कोणी गॅरंटी देत असेल तर तिथून उठा. ऑनलाईन मशीन मागवून घरी तर अजिबात करू नका, प्लीज!

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात क्लिप किंवा कसलंही मेटल, कधी फिट आलेली, गरोदरपण, हे सगळं विचारायची वाट न बघता आधीच सांगा. चालू गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या.

आता केस. आपल्याकडे रात्री खोबरेल तेल चोपडून झोपायची सवय, आणि टीडीसीएसला तेच नडतं, तेलकट केसांतून करंट नीट जात नाही, म्हणून सकाळी शाम्पूने धुवा, अंबाडा सोडा, पिना काढा. टीएमएस असेल तर कानातलं, गळ्यातलं घरीच ठेवा. डोक्यामागे हात फिरवला की हाडाचा उंचवटा लागतो ना, त्याच्या साधारण 2 सेंमी खाली स्पंज येतो, मिठाच्या पाण्यात भिजवलेला. बहुतेक अभ्यासांत 2 मिलीअँपिअर, 20 मिनिटं, आठवड्याला 5 दिवस. मुंग्या येणं, खाज येणं चालतं. पण एकाच जागी भाजल्यासारखं झालं तर गप्प बसू नका, लगेच सांगा, स्पंज सुकला किंवा सरकला असेल.

आणि व्यायाम सोडू नका, माझ्या मते खरी कमाई तिथेच आहे. जर्मनीत 2009 च्या अभ्यासात 4 आठवडे तोलाचे व्यायाम नेटाने करून चालणं सुधारलं होतं. सेशन झाल्यावर कदंबच्या बसमध्ये बसून थेट घरी येण्यापेक्षा फिजिओकडे जाऊन या.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून सारा स्कोअर (अटॅक्सिया किती आहे ते मोजणारा) लिहून घ्या, तो 40 पर्यंत जातो, जास्त म्हणजे त्रास जास्त. शिवाय घरी व्हिडिओ काढा. अंगणात नको, पावसात शेवाळ असतं, सोप्यावरच बरं, तीच चप्पल, तीच वेळ, कोणीतरी जवळ उभं राहून: दहा पावलं चालणं, बोट नाकाला लावणं, कागदावर स्वतःचं नाव. कोर्स संपल्यावर तेच पुन्हा. मग दोन्ही व्हिडिओ घरातल्या अशा कोणाला तरी दाखवा ज्याला आधीचा कुठला, नंतरचा कुठला माहीत नाही. त्याला फरक ओळखता आला तर डॉक्टरांशी पुढच्या कोर्सचं बोला, नाही आला तर ते पैसे फिजिओवर घाला.